चौदाची गाडी पंधरावर नेताना

माझी गाडी 1993 सालची युनोस रोडस्टर आहे, म्हणजे माझदा एमएक्स-5 जपानमध्ये ज्या नावाने विकली जायची ती. इंजिन 1.6 लिटरचं, सीट दोन, वजन टनाच्या आत, आणि पॉवर स्टिअरिंग नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलहून चेडर गॉर्ज या दरीतल्या वळणांवर नेली की मला कुंभार्ली घाट आठवतो. माझं सगळं बालपण चिपळूणला गेलं. या गाडीत रस्ता हाताला कळतो, म्हणून ती घेतली. टायर चुकला की नेमकं तेच जातं, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं.

मूळ माप 185/60 आर14. रुंदी 185 मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम 14 इंची. या मापात आता जे टायर मिळतात ते बहुतेक साध्या छोट्या गाड्यांसाठी बनवलेले असतात. टिकतात चांगले, पण वळणावर पकड हवी तशी नसते. म्हणून मी 15 इंची जुन्या अलॉय रिमा घेतल्या आणि घराजवळच्या एका मोठ्या साखळी दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने 195/55 आर15 लावून दिले. "पंधराला हेच बसतं," म्हणाला. मीही मान हलवली.

पहिल्याच दिवशी गाडी मंदावल्यासारखी वाटली. दुसऱ्या गिअरमधला जोर कमी झाला होता, बॉनेट किंचित उंच दिसत होतं. रात्री कागद घेऊन बसलो. मूळ टायरचा बाहेरचा व्यास 577.6 मिमी येतो, नव्याचा 595.5. म्हणजे तीन टक्क्यांनी मोठा. सुई 60 वर असेल तेव्हा गाडी आधीपेक्षा जवळपास दोन मैल जास्त वेगाने धावणार. ब्रिटनमध्ये स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवलेला चालत नाही, त्यामुळे हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. शिवाय चाक मोठं झालं की सगळेच गिअर लांब होतात, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर कमी होतो. 1.6 च्या इंजिनाकडे तेवढी ताकद उधळायला नाही.

मग एका सहकाऱ्याने एका टायरवाल्याचा पत्ता दिला. शहराच्या दक्षिणेला औद्योगिक वसाहतीत एक गाळा आहे, आत एकच लिफ्ट. साठीचा माणूस एकटाच सगळं बघतो. नाव छापू नका म्हणाला, म्हणून देत नाही. त्याने आधी गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात आतली जागा पाहिली, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायला लावलं आणि मग विचारलं, "गाडी कशी चालवता? पावसात काढता का?" आधीच्या दुकानात हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्याने सुचवलं 195/50 आर15. व्यास 576 मिमी, मूळ मापापेक्षा दीड मिमीनेच कमी. मी 205/50 बद्दल विचारलं, कारण मागून बघताना रुंद टायर छान दिसतो. तो म्हणाला, "बसेल. पण एवढ्या हलक्या गाडीला एवढं रबर कशाला? स्टिअरिंग जड होईल, आणि रस्त्यावर पाणी साचलं की रुंद टायर आधी तरंगतो." मला ते पटलं. भार निर्देशांकही त्याने दाखवला: 82, म्हणजे एका टायरला 475 किलो. चौघांचे 1900 किलो होतात, गाडी टनभरसुद्धा नाही. जास्त भाराचा, कडक भिंतीचा टायर घेतला असता तर नुसते धक्के बसले असते.

टायर घेतले टोयो प्रॉक्सेस टीआर1, 82व्ही (82 भाराचा आकडा, व्ही वेगमर्यादेचं अक्षर). बसवण्याआधी त्याने प्रत्येकाच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे अंगठ्याने पुसून दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही एकाच आठवड्यातले निघाले. रिमचं मधलं भोक माझ्या गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागापेक्षा, मोठं होतं, म्हणून 54.1 मिमीच्या हब रिंगा घातल्या. त्या नसत्या तर चाक नेमकं मध्यावर बसलं नसतं आणि बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरलं असतं. नट त्याने हाताने लावले, मग टॉर्क पान्ह्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्ह्याने, आवळले, आणि पन्नास मैलांनी परत या म्हणाला. गेलो तर पुन्हा तपासले, पैसे घेतले नाहीत.

सगळं मिळून 320 पौंड झाले. साखळी दुकानापेक्षा थोडे जास्त. शनिवारी तो दुपारी एक वाजताच बंद करतो, अपॉइंटमेंटशिवाय घेत नाही आणि फोन पटकन उचलत नाही. बसायला जागा नाही, दोन तास मी थंडीत उभा होतो. अलाइनमेंटचं मशीन त्याच्याकडे नाही, ते दुसरीकडून करून घ्यावं लागलं. रिम बदलल्याचं विमा कंपनीलाही कळवावं लागतं. मी कळवलं, हप्ता वाढला नाही.

आता तीन हजार मैल झाले आहेत. दुसरा गिअर पुन्हा पूर्वीसारखा उचलतो. ओल्या रस्त्यावर पुढचं टोक सांगितल्या जागी वळतं, आणि पकड सुटायला लागली की आधी स्टिअरिंग हलकं होऊन सूचना देतं. खडबडीत डांबरावर मात्र आवाज जाणवतो आणि 14 च्या मानाने खड्डा जास्त कळतो.

बाबा चिपळूण डेपोत एसटीचे मेकॅनिक होते. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना चारही चाकं दाखवली. पहिला प्रश्न, "रिमोल्ड नाहीत ना?" म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले. नाहीत म्हटल्यावर विचारलं, "हवा किती ठेवतोस?" 26 पौंड ऐकून ते गप्पच झाले, मग म्हणाले, "एवढ्याशा हवेत बैलगाडी तरी चालेल का रे?" दरवाज्यावरचं स्टिकर कॅमेऱ्यासमोर धरलं, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो आकडा स्वतः वाचला.