न्यायमूर्ती व्हायचंय: वकिलीतून की परीक्षेतून?

वकिलीची सनद हाती आलेले ज्युनिअर मुंबई उच्च न्यायालयाजवळ, फोर्टातल्या चेंबरमध्ये मला हमखास हाच प्रश्न विचारतात. आधी एक पक्कं लक्षात घ्या, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी अर्ज करता येत नाही. दहा वर्षं वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक सेवा झाली की तुम्ही पात्र ठरता. नाव सुचवतं ते कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ. प्रघात साधारण असा, की दोन जागा वकिलांतून भरल्या तर एक सेवेतून.

सेवेत, म्हणजे कनिष्ठ न्यायालयात न्यायाधीश म्हणून, जायचं तर एमपीएससीची परीक्षा. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परीक्षेआधी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली. सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये, आणि पहिल्याच नेमणुकीत निकाल तुमच्या हाती. समोर साक्षीदार बांधाचं भांडण सांगतोय, मागे पोलिस आरोपीला रिमांडसाठी घेऊन उभे, रोजनाम्यावर, म्हणजे दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीवर, सही होईपर्यंत बाहेर दिवे लागलेले. माणसं ऐकण्याची ही तालीम फोर्टात मिळत नाही. मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदली, आणि मुलांची नवी शाळा.

वकिलीतली पहिली वर्षं विरार लोकलमध्ये फायली छातीशी धरून जातात. बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, आपलं मॅटर शेवटी असतं, पैसा तुटपुंजा. नाव झालं तर पन्नाशीच्या आसपास विचारणा होऊ शकते. तेव्हा चालती प्रॅक्टिस सोडून महिना सव्वादोन लाखांवर यायचं.

खरा फरक पडतो वयाने. निवृत्ती बासष्टाव्या वर्षी. सत्तेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या वकिलाला पंधरा वर्षं मिळतात. सेवेतून येणाऱ्यांची बहुधा पंचावन्नी उलटलेली असते, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत फार थोडे पोचतात. मला हा अन्याय वाटतो. काशिनाथ त्र्यंबक तेलंग वकिलीतून १८८९ मध्ये, चाळिशीच्या आत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९३ मध्ये ते गेले आणि त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले, पुण्याच्या दुय्यम न्यायाधीशापासून पायऱ्या चढत, एक्कावन्नाव्या वर्षी. दोघांपैकी कोण उणा होता?

बाजू मांडताना ज्याला वेळेचं भान राहत नाही, त्याने वकिलीच करावी, बोलावणं येवो न येवो. मन निवाड्यात रमत असेल तर परीक्षा द्या. तिथे उच्च न्यायालय हुकलं तरी आयुष्यभर न्यायदानच केलेलं असतं.

ठरवण्याआधी एक दिवस उच्च न्यायालयात, एक दिवस कुर्ल्याच्या दंडाधिकारी कोर्टात मागच्या बाकावर बसा. सकाळपासून कोर्ट उठेपर्यंत.