आठ महिन्यांनंतर: नल मेसेज की टाइम वॉर्प?

कॉम्प्युटर नेटवर्कचं सिम्युलेशन मॉडेल, म्हणजे इव्हेंट (घटना) वेळेच्या क्रमाने चालवणारं, एका कोअरवर रात्रभर चालायचं, म्हणून ते अनेक कोअरवर वाटून चालवायला घेतलं. तेव्हापासून दोन्ही घराण्यांच्या पद्धती वापरून झाल्या: खात्री होईपर्यंत थांबणारी आणि आधी पळून चूक नंतर सुधारणारी.

सुरुवात चँडी-मिस्रा-ब्रायंट या थांबणाऱ्या पद्धतीने. मागच्या वेळेचा इव्हेंट येणार नाही याची खात्री पटेपर्यंत प्रोसेस (मॉडेलचा एक तुकडा) थांबते, आणि ‘अमुक वेळेपर्यंत माझ्याकडून काही नाही’ असं नल मेसेजने शेजाऱ्यांना कळवते. लांब लिंक होत्या तोवर झकास चाललं. मग लिंकचा डिले १ मायक्रोसेकंदावर आणला आणि गाडी रुतली. लॉग उघडला तर दोन प्रोसेस एकमेकींना नुसते निरोप धाडताहेत: १, २, ३, ४ मायक्रोसेकंद... पुढचा खरा इव्हेंट १ मिलिसेकंदावर, म्हणजे तिथवर हजारेक नल मेसेज. सीपीयू मात्र १०० टक्के! लुकअहेड (किती पुढच्या वेळेपर्यंतची हमी देता येते ते; इथे लिंकचा डिले) आटला की ही पद्धत संपली.

मग जेफरसनचा १९८५ चा टाइम वॉर्प, रॉस (ROSS) या सिम्युलेटरवर. हा वाट बघत नाही. मागच्या वेळेचा इव्हेंट उशिरा आला की रोलबॅक करतो, म्हणजे केलेलं काम उलटवून मागे जातो, आणि पाठवलेले मेसेज अँटी-मेसेजने खोडतो. मी लावलेल्या काउंटरवरचा आकडा बघून आधी हुरळलो. त्यात खोडलेले इव्हेंटही मोजले जात होते, हे उशिरा लक्षात आलं. कमिट झालेले (आता कधीच खोडले न जाणारे) तेवढेच मोजा, बाकी सगळी फुकटची धावपळ. रिव्हर्स हँडलरने, म्हणजे इव्हेंटचा परिणाम उलटवणाऱ्या कोडने, तर घाम काढला. रँडम नंबरचा प्रवाह एका ठिकाणी मागे घ्यायला विसरलो आणि कोअर बदलले की उत्तर बदलायला लागलं. आता दर बदलानंतर कमिट झालेल्यांची बेरीज सिक्वेन्शियल (एकाच कोअरवरच्या) रनशी ताडून बघतो.

२०१३ मध्ये सिक्वोया या महासंगणकावर रॉसच्या टाइम वॉर्पने १९,६६,०८० कोअरवर सेकंदाला ५०,४०० कोटी इव्हेंट झाले होते. थक्क करणारंच, पण ते फोल्ड (PHOLD) या चाचणी-मॉडेलवर. तिथे एका इव्हेंटमधून एकच नवा निघतो, कुठेही जातो. भार आपोआप सारखा पसरतो. माझ्या मॉडेलमध्ये दोन-तीन राउटरवरच सगळी गर्दी, त्यामुळे एक कोअर घामाघूम आणि बाकीचे पुढे पळून रोलबॅक खातात.

आणि स्पीडअप (किती पट वेग वाढला) कशाच्या तुलनेत, हेही बघा. माझ्या जुन्या कोडमध्ये इव्हेंटची यादी साध्या लिंक्ड लिस्टमध्ये होती. तिथे हीप (सगळ्यात आधीचा इव्हेंट पटकन देणारी रचना) घातला, एका कोअरवरचा कोडच वेगवान झाला आणि माझी बरीचशी फुशारकी उतरली. छोटी मॉडेल्स त्या दिवसापासून परत एकाच कोअरवर चालवतोय.