टाकीची सायकल, जांभ्याच्या विहिरीचे पाणी आणि किटमध्ये नसलेली केएचची चाचणी: सहा महिन्यांचा अनुभव

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणलेली माशांची दोन फुटी टाकी, स्पंज फिल्टर, जिवाणूंची बाटली आणि पाणी तपासण्याचे टेस्ट किट यांना आता सहा महिने झाले आहेत. हा अनुभव मी मे महिन्यातच लिहायला घेतला होता आणि त्यात सगळा दोष जिवाणूंच्या बाटलीला दिला होता. तो दोष आज मी मागे घेतो. किटवरचा राग मात्र अजून कायम आहे आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

आमचे घर रत्नागिरीजवळच्या सड्यावर आहे. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहून आल्यापासून मुलीने घरात टाकी हवी म्हणून हट्ट धरला होता. दुकानदाराने साडेसहाशे रुपयांची जिवाणूंची बाटली देऊन दुसऱ्याच दिवशी मासे सोडायला सांगितले होते, परंतु जिवंत प्राण्यावर प्रयोग करणे मला मान्य नसल्यामुळे मी माशांविना सायकल करण्याचे ठरवले, म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू मासे सोडण्यापूर्वीच टाकीत वाढवायचे. अमोनियासाठी नवसागर घेतला. कल्हईवाले वापरतात तोच हा पदार्थ, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते, म्हणून मी प्रयोगशाळेच्या प्रतीचा आणला. साठ लिटर पाण्यात अमोनिया 2 पीपीएमवर (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) नेण्यासाठी तो सुमारे 0.4 ग्रॅम पुरतो.

पहिले दोन आठवडे काहीच घडले नाही, यात नवल नव्हते. सतराव्या दिवशी अमोनिया उतरू लागला, नायट्राइट दिसले, आणि अमोनिया शून्यावर येताच मी पुन्हा नवसागर घातला. तिसऱ्या मात्रेनंतर मात्र सगळे जागच्या जागी थांबले. सलग अकरा दिवस अमोनिया 2 आणि नायट्राइट गडद जांभळे, असेच निकाल येत राहिले. पाण्याचे तापमान 29 अंश होते, पंप अखंड चालू होता, तरीही आकडा हलेना. बाटलीतले जिवाणू मेलेले असावेत, असे मी तेव्हा लिहून ठेवले होते.

खरे कारण पाण्यात होते. किटमधील पीएचची, म्हणजे पाण्याच्या आम्लतेची, चाचणी 6 ही तिची सर्वांत खालची पायरी दाखवत होती. जांभ्यातून झिरपलेले आमच्या विहिरीचे पाणी मृदू असते. त्यात कार्बोनेटचा साठा, म्हणजे केएच, जेमतेम एक अंश, लिटरमागे सुमारे 18 मिलिग्रॅम निघाला. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते हा साठा खाते. 2 पीपीएम अमोनियाची एक मात्रा लिटरमागे सुमारे 12 मिलिग्रॅम साठा संपवते, त्यामुळे दुसऱ्या मात्रेतच आमचे पाणी रिकामे झाले. पीएच साडेसहाच्या खाली गेला की या जिवाणूंचे काम मंदावते आणि सहाच्या आसपास ते जवळजवळ थांबते. हे सर्व समजण्यासाठी केएच मोजणे एवढेच पुरेसे होते, आणि चौदाशे रुपयांच्या किटमध्ये नेमकी तीच चाचणी नव्हती. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चार चाचण्या दिल्या आहेत. पण पीएच कशाच्या आधारावर टिकतो हे सांगणाऱ्या चाचणीसाठी वेगळे पैसे भरून वेगळी बाटली मागवावी लागते. कठीण पाण्याच्या गावात तिची उणीव कदाचित जाणवणार नाही. जांभ्याच्या मुलखात मात्र तिच्याविना हे किट अर्धवट आहे, आणि खोक्यावर त्याविषयी एक ओळही छापलेली नाही.

उपाय फुकट मिळाला. रविवारी घरी जेवणात तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, झाल्या होत्या. त्यांचे शिंपले मी धुऊन, उकळून, उन्हात वाळवून खलबत्त्यात भरड कुटले आणि पाव किलोची जाळीची पिशवी हवेच्या बुडबुड्यांजवळ टांगली. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लयुक्त पाण्यात तो हळूहळू विरघळत राहतो. चार दिवसांत पीएच 7 वर आला, आठवड्याभरात अमोनिया उतरला आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी नायट्राइटही शून्यावर आले. एक खबरदारी सांगतो: टाकीत मासे असतील आणि अमोनिया साचलेला असेल, तर पीएच असा चढवू नये, कारण कमी पीएचला बराचसा निरुपद्रवी असणारा अमोनियम पीएच वाढताच विषारी अमोनियात बदलू लागतो.

मासे सोडण्यापूर्वी साचलेले नायट्रेट काढण्यासाठी सत्तर टक्के पाणी बदलले. तेव्हा पाऊस सुरू होऊन विहिरीत टीसीएल (क्लोरीनची जंतुनाशक) पावडर पडली होती, त्यामुळे क्लोरीन घालवण्यासाठी एरवी न लागणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे लागले. नंतर सहा झेब्रा डॅनिओ सोडले.

स्पंज फिल्टरविषयी तक्रार नाही. जुलैच्या वादळात चौदा तास वीज नव्हती. तेव्हा जिवाणूंना प्राणवायू मिळावा म्हणून स्पंज पसरट ताटात थोड्या पाण्यात ठेवला आणि माशांसाठी तांब्याने टाकीतलेच पाणी वरून ओतत राहिलो. दुसऱ्या दिवशी अमोनिया 0.25 दिसला, अर्धे पाणी बदलल्यावर तोही गेला. सहाही मासे आज ठणठणीत आहेत.

गेल्या आठवड्यात विहिरीचा केएच पुन्हा मोजला, तो एकच अंश आला; टाकीतला चार आहे. पिशवीतले शिंपल्यांचे तुकडे कडेने झिजले आहेत, म्हणून दिवाळीपूर्वी ती नव्याने भरणार आहे.