क्रमांक सगळे खरे, माल खोटा

सर्व्हर आणि लोड बॅलन्सर (सर्व्हरांमध्ये काम वाटून देणारी पेटी) यांच्या खरेदीत आमची पतसंस्था फसली, पण कागदावरचा एकही क्रमांक खोटा नव्हता. जीएसटी क्रमांक खरा, सिरीयल नंबर खरा, बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणीचा आर-नंबरही खरा. सगळं तपासूनच ऑर्डर गेली होती. म्हणून हे लिहितोय. ‘ऑनलाइन बघितलं, ओके आहे’ एवढ्यावर कोकणातल्या आणखी कुणी पैसे सोडू नयेत.

22 जुलै 2021 च्या पुरात आमची चिपळूणची शाखा पाण्याखाली गेली. तेव्हापासून सगळ्या शाखांचा डेटा रत्नागिरीच्या मुख्य कार्यालयात असतो. कामाचा ताण वाढला तसे दोन नवे सर्व्हर आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर घ्यायचं संचालक मंडळानं ठरवलं. सर्वांत कमी दर मुंबईच्या एका पुरवठादाराचा निघाला. सोबत उत्पादक कंपनीच्या लेटरहेडवर ‘अधिकृत भागीदार’ असल्याचं पत्र. अट एकच, 70 टक्के आगाऊ.

माल आला, खोकी सीलबंद होती. रॅकमध्ये बसवून चालू केला आणि दुसऱ्याच दिवशी आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडायला लागला. रॅकच्या दाराला हात लावला की झिणझिण्या. आमच्या इलेक्ट्रिशियननी सर्व्हरच्या प्लगा एकेक काढून बघितल्या आणि म्हणाले, “साहेब, वायरिंगात काय नाय. भानगड तुमच्या पेटीत आहे.”

वीजपुरवठ्याचं युनिट उघडल्यावर भानगड दिसली. वीजवाहिनी आणि धातूची बॉडी यांच्यामध्ये जो कपॅसिटर असतो तो सुरक्षा दर्जाचाच लागतो, वाय वर्गाचा. तो बिघडला तरी शॉर्ट होऊन बॉडीत वीज येऊ नये अशीच त्याची रचना असते. इथे साधा स्वस्तातला कपॅसिटर डकवला होता. अर्थिंग ठणठणीत असेल तर असली गळती जमिनीत जाते, माणसाला कळतही नाही. आमचं ऑफिस जांभ्यावर. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत बसावं लागतं. आमच्याकडे सर्टिफिकेट हा टेंडरच्या फाइलीतला कागद नाही, रॅकला हात लावणाऱ्या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा होता म्हणून निभावलं.

मग आर-नंबर पुन्हा काढला. कोटेशनमध्ये दिलेला नंबर बीआयएस केअर अॅपवर आधीच तपासला होता. उत्पादक, कारखान्याचा पत्ता, मॉडेल, सगळं जुळत होतं. जुळणारच, तो अस्सल सर्व्हरचाच नंबर होता! पेटीतल्या युनिटच्या लेबलवर मात्र वेगळाच आर-नंबर निघाला. तो टाकला तर नोंद आली एका भलत्याच कारखान्याच्या लॅपटॉप अडॅप्टरची. आयएस 13252 हे मानक मात्र तेच, त्यामुळे लेबल वरवर बघणाऱ्याला शंकाच येऊ नये. हा नंबर ब्रँडला सरसकट मिळत नाही, ठरावीक कारखान्यातल्या ठरावीक उत्पादनाला मिळतो. त्यामुळे कोटेशनवरचा नंबर कितीही तपासा, यंत्राच्या पाठीवर काय चिकटवलंय ते त्यातून कळत नाही.

सिरीयल नंबरचं तेच. कंपनीच्या साइटवर वॉरंटी चालू दाखवत होती, पण बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, निघालेला नंबर बाहेरच्या स्टिकरशी जुळेना. ‘नव्या’ डिस्कच्या स्मार्ट नोंदीत (डिस्क आपल्या वापराची स्वतःच ठेवते ती नोंद) चालू तास 31,000 च्या वर, म्हणजे साडेतीन वर्षं अखंड राबलेली डिस्क. लोड बॅलन्सरचं लायसन्स टाकलं तर उत्तर आलं की ते आधीच दुसऱ्या उपकरणावर चालू केलेलं आहे. या पेट्यांचं लायसन्स त्या त्या उपकरणाला बांधलेलं असतं. लायसन्स नसलेली पेटी म्हणजे रॅकमधलं वजन.

पुरवठादाराकडून फोनवर आधी “सर, माल ओरिजिनलच आहे”, मग “इंजिनीअर पाठवतो”, मग फोन बंद. ऑर्डरच्या वेळी त्यांची जीएसटी नोंदणी चालू होती, पण आमचं बिल आमच्या जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांच्या यादीत, उमटलंच नाही. पोलीस ठाण्यात हा व्यवहारातला वाद आहे असं सांगितलं गेलं, तरी लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. बीआयएसकडे अॅपवरूनच तक्रार केली. 2016 च्या बीआयएस कायद्यात पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 2 लाख रुपये दंड आहे, पण ते होईल तेव्हा होईल. अमेरिकेत नकली सिस्को उपकरणं विकणाऱ्या एकाला 2024 मध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. तिथंही धंदा बरीच वर्षं चालला होता.

आता आमच्या ऑर्डरमध्ये आगाऊ रक्कम नाही. पेटी आमच्यासमोर उघडायची, लेबल, बायोस, डिस्कचे तास आणि लायसन्स जाग्यावर तपासायचं, मग चेक. भागीदारीचं पत्र उत्पादकाला थेट मेल करून विचारायचं, आणि त्यासाठी पत्रावर छापलेला मेल वापरायचा नाही, कंपनीच्या साइटवरून शोधायचा. शिवाय माल निघण्याआधी यंत्राच्या पाठीवरच्या लेबलाचा फोटो मागायचा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून.

याच पुरवठादाराचं कोटेशन कुडाळ एमआयडीसीतल्या आमच्या एका ओळखीच्यांकडेही गेलं होतं. त्यांनी असा फोटो मागितला. त्यांना उत्तरात आणखी पाच टक्के सूट दिलेलं सुधारित कोटेशन आलं, फोटो काही आला नाही.