पायातून किडनीचं विष काढणारं मशीन: आम्ही घेतलं, तुम्ही घेऊ नका

आईचं क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी नीट गाळत नसेल तर वाढतो) १.८ आलं तेव्हा घरात सगळेच हादरलो होतो, आणि अशा वेळी माणूस कुणाचंही ऐकतो हो. ओळखीतल्याच एकाने एका 'थेरपिस्ट'चा नंबर दिला, तो दुसऱ्याच दिवशी मशीन घेऊन हजर. टबात कोमट पाणी, त्यात मीठ, मधे धातूच्या पट्ट्यांचं एक भेंडोळं, वायर जोडलेली, आणि आईचे पाय आत. दहा मिनिटांत पाणी पिवळट, मग केशरी, मग चक्क काळपट, वर फेस. लगेच त्याने लॅमिनेट केलेला तक्ता काढला, पिवळं म्हणजे किडनीचं, केशरी सांध्यांचं, काळं लिव्हरचं, फेस म्हणजे इम्युनिटी सुधारतेय. फुप्फुसातला कफपण तळपायातूनच निघतो म्हणे!! आई बिचारी रडायलाच लागली, एवढी घाण होती का माझ्या अंगात म्हणून. झालं, मशीन घेतलं.

पैसे गेले ते गेले, पण खरा घोळ पुढेच आहे. रोजच्या बीपीच्या गोळ्या म्हणजेच विष, त्या चालू असतील तर डिटॉक्स होत नाही असं तो आईच्या कानात सांगून गेला आणि तिने आम्हाला न सांगता गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी पायांवर सूज, बीपी १८० च्या वर, क्रिएटिनिन २.७. डॉक्टर चिडतील वाटलं होतं, पण त्यांनी शांतपणे रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. एकेका किडनीत जवळपास १० लाख गाळण्या, दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर गाळतात, त्यातलं ९९ टक्के परत रक्तात जातं आणि उरलेली लिटर-दीड लिटर ती लघवी. बीपी वाढला की मार बसतो तो याच बारीक गाळण्यांना, आणि गेलेली गाळणी परत येत नाही. तळपायातून फक्त घाम येतो, किडनीचं काम तिथून होत नाही.

त्या रात्री मी टब भरला, मीठ टाकलं, मशीन सुरू केलं, पाय कुणाचेच नाहीत. तरी पाणी काळपट! मिठाच्या पाण्यात करंट सोडला की पट्टीतलं लोखंड गंजतं, रंग त्या गंजाचा. त्याला फोन केला तर म्हणे खोलीतली निगेटिव्ह एनर्जी उतरली असेल. नंतर त्याने मला ब्लॉकच केलं.

तुमच्याकडे कुणी हे घेऊन आलं तर आधी पाय न घालता चालवून दाखव म्हणा, तो काहीतरी कारण काढून टाळेल बघा. आणि किडनी कशी आहे ते कळायला क्रिएटिनिन, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासतात, पाण्याचा रंग नाही. गोळी बंद करायची का, हे ज्याने लिहून दिली त्यालाच विचारा.

आईच्या गोळ्या परत सुरू आहेत, बीपी आटोक्यात आलाय, क्रिएटिनिन २.३ वर अडकलंय. मशीन माळ्यावर टाकताना बघितलं, त्या पट्ट्या झिजून पार कागदासारख्या पातळ झाल्यात.