निळ्या फिल्टरातून सास-बहू : सात महिन्यांचा अनुभव

एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी टिपलेली मध्य भारतातली देवळं पाहताना मला नेहमी एकच प्रश्न पडायचा: छज्जाखालच्या सावलीतलंही कोरीव काम इतकं उलगडून कसं दिसतं? माझ्या डिजिटल कॅमेऱ्यात तिथं नुसता काळोख येतो. म्हणून दिवाळीनंतर ४७ क्रमांकाचा गडद निळा फिल्टर घेतला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहत असल्यानं किल्ला जवळच. या सात महिन्यांत तो लावून बहुतेक रविवार किल्ल्यावरच्या सास-बहूच्या देवळांपाशी गेले.

तेव्हा छायाचित्रं काचेवर घेत; कोलोडियन या रसायनाच्या ओल्या काचांना आणि पुढच्या साध्या कोरड्या काचांनाही मुख्यतः निळा-जांभळा प्रकाशच कळायचा. उन्हातला तांबूस-पिवळा दगड म्हणून गडद उतरतो, तर सावलीवर पडतो तो निळ्या आभाळाचा उजेड. दोन्हींतला फरक कमी होतो आणि सावलीतली नक्षी वर येते. हे वाचलं होतंच. पण १०९३ च्या शिलालेखाच्या त्या थोरल्या देवळात, मंडपाच्या कडेच्या खांबांवर वेलीचा एकेक पीळ स्क्रीनवर उमटला, तेव्हा मी बराच वेळ तिथंच उभी राहिले. १८८६ मध्ये ब्रिटिश अधिकारी लेपेल ग्रिफिनच्या मध्य भारतातल्या वास्तूंवरच्या ग्रंथात दीनदयाळांची छायाचित्रं आली. इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे आखणाऱ्या माणसाची नजर, आणि जोडीला हा प्रकाश.

खुल्या सावलीतच याचा उपयोग, हे मात्र लक्षात ठेवा. आत गाभाऱ्याकडे आभाळ पोचत नाही, तिथं काही फरक पडत नाही. आकाश पांढरं सपाट होतं, झाडं काळी पडतात आणि तटावरून दिसणारं शहर धुरकटात हरवतं. जुन्या छायाचित्रांतही हेच दिसतं, त्यामुळे मला खटकलं नाही.

प्रकाश तीनेक स्टॉप कमी होतो, म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा उरतो आणि शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तिपाईसाठी आधी परवानगी काढली, ते बरं झालं. फोकस फिल्टर लावूनच, स्क्रीनवर मोठं करून करा; आधी केलेला जरा सरकतो. सेन्सरचे चारातले एकच पिक्सेल निळे, म्हणून दाणे उठतात आणि बारकावा थोडा जातो. कोरीव कामासाठी ही मोठी उणीव आहे. मी आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, सर्वांत खाली ठेवते आणि एकाच जागेचे आठ-दहा फोटो काढून ते एकत्र करते. माणसांसाठी हा फिल्टर अजिबात नको. आईच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग काळा आला आणि ती दुखावली.

धाकट्या देवळाचे खांब अजून बाकी आहेत. पावसाळ्यानंतर आभाळ निवळलं की तिकडे जाईन.