वेल्फेअर-टू-वर्क: पाळणाघराला पाच तारे, जॉब क्लबला एक

कॅलिफोर्नियात मूल पदरी असलेल्या गरजू कुटुंबाला ‘कॅलवर्क्स’मधून दरमहा रोख मदत मिळते, आणि तिच्या शेपटाला ‘वेल्फेअर-टू-वर्क’ बांधलेलं असतं. एकट्या पालकाने आठवड्याला सरासरी ३० तास काम, शिक्षण नाहीतर नोकरीचा शोध दाखवायचा. मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर २० तास. आई-बाप दोघं घरात असतील तर मिळून ३५. नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा लेक चार वर्षांचा होता, म्हणून मला २० तास लागू झाले. मंडळातल्या कुणाला तेव्हा सांगितलं नाही. आता लिहितेय, कारण आपल्यातल्या बायकांवरही ही वेळ येते आणि विचारायला कुणी नसतं.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पाळणाघराचा खर्च. रोख रकमेपेक्षा मला याचाच आधार जास्त झाला. भाडं भरल्यावर रोख रक्कम कुठे जाते ते कळतही नाही, पण लेक दिवसभर चांगल्या ठिकाणी आहे म्हटल्यावर माणूस निदान फोन उचलून मुलाखतीला हो म्हणू शकतो. जाण्यायेण्याचा खर्च आणि अभ्यासाची पुस्तकंही मिळतात, फक्त मागावी लागतात. आपणहून कुणी सांगत नाही.

आता जॉब क्लब. आमच्याकडे तो एका कंत्राटदार संस्थेकडे होता. खोलीत बसायचं, बायोडेटा लिहायचा, अर्ज करायचे, सही करायची. लग्नाआधी मी अडत्याच्या पेढीवर जमाखर्च लिहायचे, आणि इथे मला हस्तांदोलन कसं करावं ते शिकवत होते! शेजारी बसलेल्या ग्वाटेमालाच्या बाईला इंग्रजी वाचताच येत नव्हतं. तिच्याही पुढ्यात तोच कागद. तिला इंग्रजीच्या वर्गाला का पाठवत नाही म्हणून विचारलं, तर ‘आधी तास भरू दे’ असं उत्तर मिळालं.

यात टेबलापलीकडच्या बाईचा फारसा दोष नाही. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांवर अट घातली, की मदत घेणाऱ्या निम्म्या कुटुंबांनी ठरलेले तास भरलेले दिसले पाहिजेत, नाहीतर राज्याच्या अनुदानाला कात्री. (राज्यांना काही सवलती मिळतात, पण कल तोच.) शिवाय व्यवसाय-शिक्षण या हिशेबात आयुष्यभरात जेमतेम १२ महिने पूर्ण धरलं जातं. त्यामुळे नोकरी लागली का, हा प्रश्न मागे पडतो आणि हजेरीपत्रक पुढे येतं. माझं एक पत्रक त्यांच्याकडूनच हरवलं आणि मदत कापण्याची नोटीस मात्र मला आली.

अशी नोटीस आली तर घाबरू नका आणि ती बाजूलाही ठेवू नका. ९० दिवसांत सुनावणी मागता येते, पण कपात लागू होण्याच्या तारखेआधी मागितलीत तर निकालापर्यंत मदत चालू राहते. मी प्रत्येक पत्रकाचा फोटो काढून ठेवत होते, तो दाखवल्यावर प्रकरण मिटलं. कॅलिफोर्नियात अट मोडली तरी मोठ्या माणसाचा हिस्सा कापतात, मुलांचा राहतो. काही राज्यांत पूर्ण कुटुंबाची मदत बंद होते. आणि सहा वर्षांखालच्या मुलासाठी पाळणाघरच मिळत नसेल, तर एकट्या आईला काम न केल्याबद्दल शिक्षा करता येत नाही. हे केंद्रीय कायद्यातच आहे, बिनधास्त सांगा.

शिकायचं असेल तर पहिल्या अप्रेझलच्या, म्हणजे शिक्षण-अनुभवाची चौकशी करणाऱ्या सुरुवातीच्या भेटीच्या आधीच कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक सरकारी कॉलेजात) नाव घाला. आधीपासून चालू असलेला, नोकरीकडे नेणारा अभ्यासक्रम मंजूर होऊ शकतो. मी बारावी कॉमर्स, बुककीपिंगच्या सर्टिफिकेटला आधीच बसले होते, म्हणून ते पूर्ण झालं. जॉब क्लब त्यानंतर आला. आधीच पदवीधर असाल तर मात्र ही वाट जवळपास बंद, शिक्षकाच्या परवान्याचा अभ्यासक्रम तेवढा चालतो. कॉलेजांत कॅलवर्क्सची वेगळी खिडकी असते, तिथली माणसं काउंटीच्या, म्हणजे ही मदत देणाऱ्या जिल्हा कार्यालयाच्या माणसांपेक्षा मोकळेपणाने बोलतात.

मोठ्या माणसाला ही रोख मदत मिळण्याची एकूण मुदत ६० महिने. २०२२ च्या मे महिन्याआधी ती ४८ होती.

मला नोकरी लागली ती कॉलेजातल्या बाईंच्या ओळखीने, एका दंतवैद्याच्या बिलिंगमध्ये. जॉब क्लबने ती आपल्या खात्यात मांडली असणारच. एकूण तीन तारे.